‘दंगल’ या शब्दात कोण कोण बसतं?

मराठीत ‘दंगल’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. जत्रेत कुस्त्यांची दंगल भरते आणि शहरात दंगल पेटते. पहिल्या दंगलीत जोड लावताना वजन बघतात, वस्ताद असतो, पंच असतो, हलगी असते. दुसरीत यातलं काहीच नसतं, तरी शब्द तोच. आणि शब्दाबरोबर एक समजूत गुपचूप आत येते, की दोन बाजू होत्या, त्या साधारण तोलामोलाच्या होत्या आणि एकमेकींना भिडल्या. आमच्या हैदराबादेत लोक दंगल म्हणत नाहीत. ‘फसाद’ म्हणतात, किंवा त्याहून मवाळ, ‘शहर में गडबड है.’ या गडबडीत तर कुणीच नसतं. ना मारणारा, ना मरणारा, ना बंदूक चालवणारा शिपाई.

शब्दाचा एवढा कीस कशाला, असं वाटेल. पण मी दुकानदाराच्या घरातली आहे आणि आमच्याकडे शब्दाची किंमत विम्याच्या कागदावर कळते. आगीच्या पॉलिसीत दंगल, संप आणि मुद्दाम केलेली नासधूस यांचं कलम वेगळं असतं, आणि ते आहे की नाही, कसं लिहिलंय, यावर माणूस उभा राहतो किंवा बसतो. १९२१ साली अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात ग्रीनवूड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती गोऱ्या जमावाने जाळून बेचिराख केली. व्यापारउदिमाने भरभराटलेली वस्ती होती ती. कागदोपत्री त्या प्रकाराला ‘रेस रायट’, वांशिक दंगल, असं नाव पडलं. मग विमा कंपन्यांनी पॉलिसीतलं दंगलीचं कलम पुढे केलं आणि भरपाई नाकारली. ज्यांची घरं जळाली तेच दंगलीतली एक बाजू ठरले! आज तिथे त्याला हत्याकांड म्हणतात. तो शब्द मिळायला जवळजवळ शंभर वर्षं गेली.

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते दोन पुस्तकं पाठोपाठ वाचल्यावर. एक आपल्याच शहरावरचं, सुधीर कक्कर यांचं ‘द कलर्स ऑफ व्हायोलन्स’, १९९६ साली शिकागो विद्यापीठाने काढलेलं. दुसरं पुस्तक म्हणून लिहिलेलंच नव्हतं. तो सरकारी अहवाल, केर्नर आयोगाचा, १९६८ चा. पहिलं एका मनोविश्लेषकाने लिहिलंय, दुसरं अकरा जणांच्या समितीने. (अकरांत कृष्णवर्णीय दोन आणि बाई एक. बायका अशा गोष्टी मोजतात.)

कक्करांचं पुस्तक आधी घेते. डिसेंबर १९९० मध्ये हैदराबादेत जे झालं, शंभराहून जास्त माणसं मेली, त्यावर ते आहे. कक्कर जुन्या शहरात गेले, पारदीवाड्यातल्या हिंदू कुटुंबांशी बोलले, कारवानमधल्या मुसलमान कुटुंबांशी बोलले. सगळ्यात धाडसाचं म्हणजे दोन्हीकडच्या पहिलवानांना भेटले. ज्यांच्या नावाने गल्ली दचकते अशी ही माणसं. त्यांच्याशी नैतिक प्रवचनाशिवाय बोलणं सोपं नाही, आणि ते कक्करांना जमलंय. अफवा कशा हलतात, दुधात विष, पाण्यात विष या गोष्टी अशा वेळी माणसाला खऱ्या का वाटतात, हे त्यांनी ज्या बारकाईने सांगितलंय तसं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आईच्या कुशीतली भीती गर्दीत परत कशी येते, असं काहीसं. मनाची ही चिरफाड मला पटते.

पण पुस्तक मिटल्यावर मला एक विचित्र गोष्ट जाणवली. पहिलवानाचं मन मला कळलं, पण तो पोटाला काय करतो, त्याच्या गल्लीतल्या शंभर पोरांपैकी कितींना नोकरी आहे, त्या गल्लीत पोलीस एरवी, म्हणजे गडबड नसताना, कसे वागतात, हे माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं नाही. कक्कर इतिहासाला आणि लोकसंख्येला हात लावतात, नाही असं नाही. पण ती मागची भिंत आहे. दिवा सगळा मनावर. आणि मनावर दिवा धरला की दोन्ही मनं सारखीच भेदरलेली दिसतात. पुन्हा कुस्तीचा आखाडा! दोन पहिलवान, दोन भीती, एक दंगल.

केर्नर अहवालाने दिवा दुसरीकडे धरला. १९६७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतली शहरामागून शहरं पेटली. नेवार्कमध्ये २६ माणसं गेली, डेट्रॉइटमध्ये ४३, त्यातली ३३ कृष्णवर्णीय. दोन वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात ३४ गेलीच होती. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी इलिनॉयचे गव्हर्नर ओटो केर्नर यांना अध्यक्ष नेमलं आणि तीन प्रश्न दिले. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करता येईल? समितीला सापडलं ते असं की ठिणगी बहुतेक ठिकाणी अगदी रोजच्यातली होती. वॉट्समध्ये रस्त्यात अडवलेली एक गाडी, नेवार्कमध्ये पोलिसांनी बडवलेला एक टॅक्सीवाला. डेट्रॉइटच्या बाराव्या रस्त्यावर एका बिनपरवाना दारूच्या अड्ड्यावर रात्री धाड पडली. आत व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी पार्टी चालू होती. यात नवीन काय? तेच तर समितीचं म्हणणं. रोज होत होतं. लोकांच्या तक्रारींच्या यादीत सगळ्यात वर तीन गोष्टी आल्या, पोलिसांची वागणूक, बेकारी आणि घरं.

आणखी एक काम अहवालाने केलं. आपल्या वर्तमानपत्रांचा एक लाडका शब्द आहे, ‘समाजकंटक’. काही समाजकंटकांनी दगडफेक केली, काही समाजकंटकांनी दुकानं फोडली. कुठून येतात हे कंटक, कुणाच्या घरी जेवतात, कुणाला ठाऊक! अमेरिकेतही तीच समजूत होती, की बाहेरून आलेले गुंड, कामधंदा नसलेली टोळी. केर्नर समितीने मोजून पाहिलं तर रस्त्यावर उतरलेला पोरगा बहुधा त्याच शहरात वाढलेला आणि रस्त्यावर न उतरलेल्या शेजाऱ्यापेक्षा थोडा जास्तच शिकलेला निघाला. शिकूनही काही मिळत नाही हे ज्याला कळलंय तो. एवढी एक गोष्ट कळली तरी ‘समाजकंटक’ शब्द छापताना हात अडखळायला हवा.

अहवाल गोड मानून घेण्यासारखा मात्र नाही. समितीच्याच समाजशास्त्रज्ञांनी आधी एक मसुदा लिहिला होता, तो फार जळजळीत म्हणून बाजूला टाकला गेला आणि लिहिणाऱ्यांची सुट्टी झाली. तो मसुदा छापून यायला २०१८ साल उजाडलं. मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क समितीपुढे साक्षीला आले तेव्हा त्यांनी तोंडावर सांगितलं, की १९१९ च्या शिकागोचा अहवाल वाचा, मग हार्लेमचे, मग वॉट्सचा. तेच निदान, तीच औषधं, आणि औषध न देणंही तेच. मला हे वाचताना आपले न्यायमूर्ती आठवले. भिवंडी-जळगावच्या १९७० च्या दंगलींवर न्या. मादन, मुंबईच्या १९९२-९३ वर न्या. श्रीकृष्ण. दोन्ही अहवाल कामाचे, दोन्हींत नावंनिशी लिहिलेलं, आणि पुढे? जॉन्सन यांनी केर्नर अहवाल हाती घ्यायचा समारंभसुद्धा टाळला. पाच आठवड्यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला आणि शंभरावर शहरं पुन्हा पेटली. त्यानंतर घरांच्या व्यवहारात भेदभाव करू नये म्हणून कायदा झाला, हे खरं. पण पैसा सैल सुटला तो पोलिसांच्या सरंजामावर.

आता हा केर्नरचा दिवा हैदराबादवर धरून बघू. कारण आमच्या शहरात नेवार्कसारखी, जवळजवळ हुबेहूब, घटना घडलेली आहे.

मार्च १९७८ च्या अखेरीस. रमीझा बी नावाची बाई नवऱ्याबरोबर रात्री सिनेमा बघून परतत होती. पोलिसांनी तिला नल्लाकुंटा ठाण्यात नेलं. तिथे तिच्यावर बलात्कार झाला. नवरा अहमद हुसेन सायकलरिक्षा ओढणारा. त्याला मारहाण झाली आणि तो मेला. लोक ठाण्यावर गेले, गोळीबार झाला, शहर पेटलं, संचारबंदी लागली. न्या. मुक्तदर यांचा एकसदस्य आयोग बसला. आयोगापुढे पोलिसांच्या बाजूने काय सिद्ध करायची धडपड चालली होती? की ही बाई वेश्या आहे. म्हणजे मग जणू काही झालंच नाही! न्या. मुक्तदर यांनी ते ऐकलं नाही, पोलिसांना दोषी धरलं. खटला मात्र कर्नाटकात, रायचूरला नेला गेला आणि १९८१ साली सगळे सुटले. आपल्या महाराष्ट्रातली मथुरा याच सुमाराची. देसाईगंजच्या चौकीत १९७२ मध्ये जे झालं, त्याचा सर्वोच्च न्यायालयातला निकाल १९७८ चाच. त्या रात्रीही चौकीबाहेर जमाव जमला होता आणि चौकी जाळायची भाषा करत होता. त्या जमावाला कुणी दंगलखोर म्हणून लक्षात ठेवलं नाही, कारण पुढे काही पेटलं नाही. बायकांच्या चळवळीने दोन्ही नावं जपली. हैदराबादची स्त्री शक्ती संघटना त्याच वर्षी उभी राहिली.

पण दंगलींच्या पुस्तकांत १९७८ कुठे बसतं? १९७८ ते १९८४ या काळात हैदराबादेत जवळपास दरवर्षी हिंदू-मुसलमान दंगल झाली, अशी एक यादी असते, आणि त्या यादीचं पहिलं साल म्हणून. मुसलमान बाई, मुसलमान नवरा, मुसलमान मोहल्ल्यातला राग. मग ती हिंदू-मुसलमान दंगलच, नाही का? माझं भांडण इथे आहे. त्या पहिल्या रात्री आखाड्यात दुसरा पहिलवान नव्हता. एका बाजूला रिक्षावाल्याची माणसं होती आणि दुसऱ्या बाजूला ठाणं. धर्म नंतर आला, आणि तो येईल अशी वाट मोकळी ठेवणारे लोक होते. १९७८ ला यादीत घातलं की ठाणं गोष्टीतून निसटतं, आणि उरते दोन समाजांची ‘जुनी तेढ’. जुनी तेढ म्हटली की कुणालाच काही करावं लागत नाही.

१९९० तर उघड उघड वेगळं. त्या डिसेंबरात अयोध्येचं वातावरण होतंच. पण माणसं मरत असतानाच मुख्यमंत्री चेन्ना रेड्डी गेले, १७ डिसेंबरला राजीनामा, आणि जनार्दन रेड्डी आले. हा खांदेपालट घडवण्यासाठी त्यांच्याच पक्षातल्या विरोधकांनी आग वाढू दिली, असा आरोप तेव्हापासून होत आलाय. आमच्या धर्मात हिंसेचे तीन प्रकार लहानपणीच पाठ करून घेतात, कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि होताना बरी वाटलेली. कर्म तिन्हींचं बांधतं. मला नेहमी वाटतं, दंगलीच्या अभ्यासकाला याहून सोपी चौकट मिळणार नाही. कक्करांचा पहिलवान ‘कृत’मध्ये येतो, आणि सगळी पुस्तकं त्याच्याभोवती घुटमळतात, कारण तो दिसतो, बोलतो. ‘कारित’साठी पॉल ब्रास यांनी अलीगढवर काम केलं, दंगल पेटत नाही, ती घडवणारी कायमची यंत्रणा असते, असं ते म्हणतात. तिसऱ्या प्रकारावर मात्र फारसं कुणी लिहिलेलं मला भेटलं नाही. तो आम्हा मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात असतो. ‘एकदा धडा मिळायलाच हवा होता’ हे वाक्य चहा ओतता ओतता म्हटलं जातं.

आशुतोष वार्ष्णेय यांचं २००२ चं पुस्तक व्यापाऱ्यांना आवडेल असं आहे. त्यांनी हैदराबादची जोडी लखनौशी लावली. दोन्हीकडे नवाबी वारसा, दोन्हीकडे मोठी मुसलमान वस्ती. मग लखनौ शांत का? कारण तिथे चिकनच्या धंद्यात हिंदू व्यापारी आणि मुसलमान कारागीर एकमेकांवाचून अडतात, असं ते सांगतात. जिथे धंद्यात, संघटनांत, पक्षांत दोन समाज एकत्र बसतात तिथे अफवा मरते. हे मी मान्य करते, थोडं. कारण अडणं दोघांचं असलं तरी सारखं नसतं. कारागिराचं नाव व्यापाऱ्याच्या वहीत उचल म्हणून असतं. व्यापाऱ्याचं नाव कारागिराच्या वहीत नसतं, त्याच्याकडे वहीच नसते. संचारबंदी लागली की आमच्यासारख्यांना पास मिळायचे, खटपट करून का होईना. रोजंदारीवर लाखेच्या बांगड्यांवर खडे बसवणाऱ्या बाईला पास कशाचा? घरी बसलेल्या दिवसाची मजुरी बुडाली, वर उचल वाढली. तिच्या बाजूने पाहिलं तर शांतताही थोडी महागच पडते.

आणि नंतर काय उरतं? इथे डेट्रॉइट आणि हैदराबाद मला फार जवळ दिसतात. कॉलिन्स आणि मार्गो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडलाय, की १९६० च्या दशकात जिथे मोठ्या दंगली झाल्या तिथे कृष्णवर्णीयांच्या घरांची किंमत सुमारे १० टक्क्यांनी पडली आणि पुढच्या दशकातही फारशी सावरली नाही. आपल्या दुकानाच्या काचेवर लोकांनी घाईघाईने ‘सोल ब्रदर’ असं रंगवलं होतं, म्हणजे मालक आपलाच आहे, जाळू नका. (आपल्याकडे शटरवर देवाचा फोटो लावतात.) काही दुकानं त्यानेही वाचली नाहीत. ज्यांना जाता आलं ते गेले. बँका तर त्याच्या कितीतरी आधीच हात आखडून बसल्या होत्या. १९३० च्या दशकात तिथल्या सरकारी गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे रंगवले, कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल, म्हणजे कर्ज धोक्याचं. आता आपल्या सच्चर समितीचा २००६ चा अहवाल काढा. काही बँकांनी ‘नकारात्मक भौगोलिक क्षेत्रं’ ठरवून ठेवलीत, असं त्यात नोंदलंय, आणि मुसलमानबहुल वस्त्यांना कर्ज मिळायला अडचण होते ती अशी. लाल खडू तोच, फक्त नकाशा भिंतीवर टांगलेला नाही.

मुसी नदी आमच्या शहराची अशीच एक रेघ आहे. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं सैन्य, कचेऱ्या, सरंजाम सगळं मोडलं, त्यावर जगणारी हजारो घरं जुन्या शहरात बसून राहिली. नवं शहर नदीच्या पलीकडे वाढत गेलं, मग पश्चिमेला, हायटेक सिटीकडे. मेट्रो आली तेव्हा जुन्या शहरातून फलकनुमापर्यंत जायची ती एमजीबीएसपाशी, म्हणजे बरोबर मुसीच्या काठाला येऊन थांबली. पुढच्या साडेपाच किलोमीटरची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. कारणं तांत्रिक असतील, राजकीय असतील. पण नकाशा बघणाऱ्या पोराला कारणं दिसत नाहीत, रेघ दिसते.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांबद्दल आपल्याला कळवळा पटकन येतो. दूरचं दुःख स्वच्छ असतं. म्हणून शेवटी एका वस्तीबद्दल सांगते, जी मुसीच्या अलीकडे, मासब टँकजवळ आहे. तिला ए.सी. गार्ड्स म्हणतात. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं, गारेगार यंत्रांचं काहीतरी असेल. ए.सी. म्हणजे आफ्रिकन कॅव्हलरी, निजामाचं हबशी घोडदळ. वनपर्तीच्या राजाकडचे आफ्रिकन सैनिक १९ व्या शतकात निजामाकडे आले, त्यांच्या पागा आणि बराकी इथे होत्या. सैन्य मोडल्यावर घोडे गेले, माणसं राहिली. मिळेल ते काम, फुटबॉल, आणि मरफा. मरफ्याशिवाय हैदराबादी बारात हलत नाही. गुजरातेतल्या आणि कर्नाटकातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. इथल्या सिद्दींना आंध्रच्या २००७ च्या मागास मुसलमान गटांच्या यादीत जागा मिळाली. ‘सिद्दी, याबा, हबशी, जासी’, अशा चार नावांनी, एका ओळीत.

दंगल झाली तर यांना कुठल्या रकान्यात घालायचं? मुसलमान म्हणून मोजतील. रंगाला आमच्याकडे रकाना नाही, आणि म्हणून रंगावरून काही घडत नाही, असं आपण धरून चालतो. ‘हबशी’ हा शब्द मराठी घरात पोराला रागवताना अजून निघतो की नाही, ते ज्याने त्याने आपापल्या घरी ऐकावं. गंमत अशी, की आमच्या गणेश विसर्जनात ज्या तीनमार ठेक्यावर पोरं तासन्‌तास नाचतात, तो याच मरफ्यातून आलेला. चारमिनारजवळून मिरवणूक जाताना सगळं शहर श्वास धरून असतं, मशिदींवर कापड ओढलेलं, दुकानांची शटर अर्धी खाली, चौकाचौकात शीघ्र कृती दलाचे जवान. आणि मधोमध ट्रकच्या पुढे तो आफ्रिकेचा ठेका वाजत असतो, ना वाजवणाऱ्याला त्याची जात विचारली जाते, ना नाचणाऱ्याला.